मन इतकं खचलंय की सुटकेचं वचन वाचलं तरी आत जात नाही (निर्गम 6:9)

निशिगंध_नगर · रात्री 11:52

नमस्कार सगळ्यांना. इथे बरेच दिवस नुसतं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लिहिताना लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ दारू पितो. अकरा वर्षं झाली. दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. पहिल्या वेळी बाहेर आल्यावर सात महिने त्याने थेंबाला हात लावला नाही, आईने रविवारी मंडळीपुढे उभं राहून साक्ष दिली, सगळे रडले, आणि आठव्या महिन्यात एका लग्नाहून तो रिक्षात झोपलेला घरी आला. दुसऱ्या वेळी तर सहा आठवडेपण नाही. आता असं झालंय की जिन्यावर पाय वाजला की मला आणि आईला पाचव्या पायरीपर्यंत कळतं आज कसा आलाय ते. पाय ओढत आला की आई काही न बोलता गॅसवरची भाजी पुन्हा गरम करायला ठेवते आणि मी दुसऱ्या खोलीत जाऊन मुलीच्या कानाला हेडफोन लावून देते.

तीन वर्षांपूर्वी 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वचनाच्या चिठ्ठ्या वाटल्या तेव्हा आईला बायबलातलं निर्गम 6:6 आलं होतं. मी तुम्हाला दास्यातून सोडवीन, हात पुढे करून सोडवीन, ते. आईने ती चिठ्ठी स्वयंपाकघरात मांडणीच्या दारावर आतून चिकटवली, कडेने हळदीचे डाग पडलेत आता तिला. रोज डबा काढताना ती हात लावते चिठ्ठीला. मी नाही लावत. मला खरं सांगायचं तर राग येतो.

काल रात्री झोप येईना म्हणून पहिल्यांदाच तो सगळा अध्याय काढून वाचला आणि नवव्या ओवीला थांबले. मोशेने जाऊन मिसरात गुलाम असलेल्या इस्राएल लोकांना हे सगळं सांगितलं, पण मन खचल्यामुळे आणि जाचामुळे त्यांनी त्याचं ऐकलं नाही. इतकी वर्षं चर्चमध्ये जातेय, ही ओवी कुणी वाचून दाखवलेली आठवत नाही.

माझा प्रश्न सरळ आहे. लहानपणापासून ऐकत आलेय की विश्वास धरला तरच वचन फळतं. माझा आता बसत नाही विश्वास. मग माझ्यामुळे भाऊ अडकून पडलाय का?

---

देवाचा_मळा · रात्री 12:10

ताई, यिर्मया 29:11 वाचा. देवाच्या मनातले विचार हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. धीर सोडू नका, आम्ही प्रार्थना करतोय.

---

रानवाट · रात्री 12:31

@देवाचा_मळा दादा, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं, पण ती ओवी एकटी काढून देऊ नका हो. तिच्या आधीची दहावी ओवी पण द्या ना. बाबेलची सत्तर वर्षं भरल्यावर मी तुमच्याकडे येईन असं आहे तिथे. सत्तर! म्हणजे यिर्मयाचं ते पत्र, बाबेलात कैद करून नेलेल्यांना लिहिलेलं, ज्यांनी हातात धरून वाचलं त्यातल्या बहुतेक मोठ्या माणसांना घरी परत जायला मिळणारच नव्हतं, आणि देव त्यांना ते लपवून ठेवत नाही, स्वच्छ सांगतो, घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा. कॅलेंडरवर आपण फक्त अकरावी छापतो आणि मग ज्याची सुटका जूनपर्यंत झाली नाही तो माणूस स्वतःलाच दोष देत बसतो.

---

जुनी_वही · सकाळी 6:20

निशिगंध, बाळा, तुझी पोस्ट पहाटे वाचली आणि चहा ठेवायचा राहिला. मी तीस वर्षं संडे स्कूल घेतली, आता निवृत्त आहे, काय लिहिते त्यातलं पटेल तेवढं घे.

सहाव्या अध्यायाचं एकटं वाचून नाही कळत, चौथ्यापासून यावं लागतं. चौथ्याच्या शेवटी मोशे आणि अहरोन पहिल्यांदा येऊन निरोप देतात तेव्हा लोकांनी विश्वास ठेवला होता! देवाने आपल्याकडे पाहिलं, आपलं दुःख त्याला दिसलं, हे ऐकून त्यांनी माना लववून नमन केलं असं आहे तिथे. म्हणजे ही अविश्वासी माणसं नव्हती. तुझ्या आईने साक्ष दिली ना मंडळीत, ते सात महिने, तो चौथा अध्याय आहे.

मग पाचव्यात काय होतं. मोशे फारोकडे जातो, तीन दिवसांच्या वाटेवर जाऊन आम्हाला देवाची उपासना करू दे म्हणतो, आणि फारो त्याच दिवशी, त्याच दिवशी असा शब्द आहे, हुकूम काढतो की यांना विटांसाठी पेंढा देणं बंद करा, स्वतः गोळा करू दे, पण विटांचा आकडा एकने कमी होता कामा नये. वर म्हणतो काय तर ही आळशी माणसं आहेत, म्हणून देवदेव करतायत. लोक मिसरभर धसकटं वेचत फिरतात, आकडा भरत नाही, इस्राएलांतलेच जे नायक नेमले होते त्यांच्या पाठीवर फटके. ते नायक बाहेर येऊन मोशेला म्हणतात, तुम्ही आमच्या मानेवर तलवार आणून ठेवलीत.

देवाचा निरोप ऐकला, त्यावर विश्वास ठेवला, आणि परिस्थिती आधीपेक्षा वाईट झाली. हे त्यांनी अनुभवलं होतं. त्यानंतर तोच माणूस तोच निरोप घेऊन पुन्हा दारात आला तर तू काय केलं असतंस?

आणि मोशे स्वतःसुद्धा, ऐंशी वर्षांचा माणूस, देवाला तोंडावर म्हणतो की मला पाठवलंसच का, मी आल्यापासून यांचे हाल वाढले आणि तू यांना मुळीच सोडवलं नाहीस. देव त्याला गप्प बस म्हणत नाही. आता तू बघशील म्हणतो.

मला सगळ्यात मोठं वाटतं ते नवव्या ओवीच्या पुढचं. लोकांनी ऐकलं नाही. मग? मला वाटायचं आता रागावणार. दहावी काढून बघ. देव लोकांना एक शब्द बोलत नाही. मोशेला म्हणतो, जा, फारोला सांग. बस. ज्यांच्यात ऐकायची ताकद उरली नाही त्यांना पुन्हा पुन्हा ऐकवत बसला नाही, जो धरून बसला होता त्याच्याकडे गेला. सुटका लोकांच्या विश्वासावर टांगलेली असती तर गोष्ट तिथेच संपली असती ना गं. पुढचे चौतीस अध्याय कशाला लिहिले असते.

---

देवाचा_मळा · सकाळी 7:05

@रानवाट खरं आहे. दहावी ओवी मी कधी लक्ष देऊन वाचलीच नव्हती. ताई, मी घाईत टाकलं, माफ करा.

---

कुडाची_भिंत · सकाळी 9:48

मी इथे कमी लिहितो पण विटांचं निघालं म्हणून लिहितो. माझी आजी रायगडात वीटभट्टीवर राबली, आम्ही कातकरी. दिवाळी झाली की घराला कडी लावायची आणि अख्खं कुटुंब भट्टीवर, ते थेट पावसाच्या तोंडाला परत. लहानपणी दोन हंगाम मीपण होतो तिच्यासोबत, तेव्हा हे डोळ्याने बघितलंय.

रात्री दोन-अडीचला उठायचं कारण उन्हात हात चालत नाहीत. आजोबा आदल्या संध्याकाळी माती भिजत घालायचे, त्यात भाताचं तूस टाकून पायाने तुडवायचे, गारा. आजी उकिडवी बसून साच्यात गारा दाबायची, वरून हाताने निपटायची, उचलून ओळीत पालथा घालायची. पुन्हा. पुन्हा. हजार विटांवर मजुरी. तूस कमी पडलं की काय होतं सांगतो, वीट वाळताना तडकते. माती आवळत जाते ना, तिला धरून ठेवायला आत काही नसलं की भेग पडते, आणि तडकलेली वीट मोजणीत धरत नाहीत. मिसरातल्या तर भाजायच्या नव्हत्या, उन्हात वाळवायच्या, म्हणजे पेंढा नसेल तर काम दुप्पट आणि हातात अर्धं. हे चर्चमध्ये ऐकताना लोकांना वाटतं पेंढा म्हणजे किरकोळ गोष्ट. किरकोळ नाही. फारोला बरोब्बर माहीत होतं कुठे पिळायचं ते.

हंगामाआधी बयाणा घेतलेला असायचा, लग्नाला नाहीतर दुखण्याला, आणि हंगाम संपल्यावर हिशेब व्हायचा तेव्हा आजीच्या नावावर पैसे निघायचेच. म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा. वेठबिगारी बंद करणारा कायदा 1976 साली झालाय, आजीला तो कुणी सांगितला नाही आणि सांगितला असता तर तिने काय केलं असतं ते मला माहितीये, तिने मान हलवली असती आणि साचा उचलला असता. गावात एक बाई यायच्या, पोरांना शाळेत घाला, ह्यातून सुटाल, सांगायच्या. आजी त्यांच्याकडे बघायचीपण नाही. मला तेव्हा वाटायचं आजीला आमचं काही पडलेलं नाही. आता कळतं की तिच्याकडे हो म्हणण्याइतका श्वास शिल्लक नव्हता.

त्या बाई यायच्या थांबल्या नाहीत. मी चौथीनंतर आश्रमशाळेत गेलो. आज हे टाईप करतोय.

आपल्या मराठी बायबलात विटांचं काम करून घेणाऱ्या मिसरी लोकांना मुकादम म्हटलंय, ते वाचताना माझ्या पोटात अजून गोळा येतो.

---

नवगाव_ते_अश्दोद · दुपारी 1:15

शालोम मंडळी. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू, आजोळ अलिबागजवळ, आता इस्राएलात अश्दोदला असते. पेसाख म्हणजे तुमचा वल्हांडण जवळ आलाय, घर धुऊन काढायचं चाललंय आणि मध्येच हा धागा दिसला, हात पुसून बसले लिहायला.

@कुडाची_भिंत भाऊ, तुम्ही श्वास म्हणालात ना, तोच शब्द आहे हिब्रूत! तुम्ही ज्याला मन खचल्यामुळे म्हणता ते मूळात आहे "कोत्सेर रुआख". रुआख म्हणजे आत्मा, वारा, श्वास, तिन्ही. कोत्सेर म्हणजे तोकडेपण, आखूड असणं. श्वास तोकडा पडला. राशी म्हणून अकराव्या शतकात फ्रान्समध्ये होऊन गेलेले मोठे भाष्यकार, ते या शब्दांवर एवढंच लिहितात की ज्याचा जीव कोंडलेला असतो त्याचा श्वास आखूड होतो, त्याला लांब श्वास घेता येत नाही. झालं. पापबीप काही काढत नाहीत ते. धाप लागलेल्या माणसाला तुम्ही काही सांगितलं तर तो ऐकत नाही, त्यात त्याचा गुन्हा काय?

सेदेरच्या, म्हणजे पेसाखच्या जेवणाच्या, रात्री आम्ही चार प्याले घेतो ते या सहाव्या अध्यायातूनच आलेत. बाहेर काढीन, सोडवीन, मुक्त करीन, आपले करून घेईन. चार क्रिया, चार प्याले. आणि पाचवी पण आहे, आठव्या ओवीत, देशात नेईन. तिच्यासाठी कोणी म्हणतं पाचवा प्याला, एलियाहू हनबीचा, म्हणजे तुमच्या एलीया संदेष्ट्याचा, तो भरून ठेवतो, पीत नाही. लहानपणी मला वाटायचं एवढं सरबत फुकट कशाला ठेवायचं. आता समजतं, अजून पूर्ण न झालेल्या वचनाला पण टेबलावर जागा असते.

अजून एक सांगते, निशिगंधताईंसाठी. खजूर उकळून, गाळून, आटवून आम्ही एक घट्ट गोड करतो, तो त्या रात्री गाऱ्याची आठवण म्हणून खायचा. विटांचा गारा! सुटका होऊन इतकी शतकं झाली तरी चिखल ताटात ठेवतात, पुसून टाकत नाहीत. आणि हे सगळं ज्या पुस्तकातून वाचतात त्याची एक प्रत 1874 साली पुण्यात छापली होती, हिब्रू आणि सोबत मराठी, चित्रांत बायका साडीत आहेत. तीच ओळ त्यात मराठीत आहे, आम्ही मिसरात फारोचे गुलाम होतो. ते होते असं नाही, आम्ही होतो.

---

कारकून_59 · दुपारी 2:40

सगळं चांगलं लिहिताय पण एक खटकतं. गणना 14 मध्ये याच लोकांना अविश्वासाबद्दल शिक्षा झाली, चाळीस वर्षं रानात. देव अविश्वास चालवून घेतो असा अर्थ निघायला नको.

---

जुनी_वही · दुपारी 4:02

@कारकून_59 भाऊ, प्रश्न रास्त आहे, मी टाळत नाही. पण दोन्हीकडची माणसं कुठल्या अवस्थेत आहेत ते बघा. गणनेत त्यांच्या पाठीवर चाबूक नाही. समुद्र ओलांडलाय, मान्ना खाल्लाय, पाणी मिळालंय, देशातली द्राक्षं हातात आणून दाखवलीत, आणि तरी म्हणतात दुसरा पुढारी नेमू आणि मिसरात परत जाऊ. तिथे नकार आहे. सहाव्या अध्यायात नकार नाही, थकवा आहे. देवाला दोन्हीतला फरक कळतो, आपल्यालाच कळत नाही आणि आपण फटके खाणाऱ्याला गणना 14 वाचून दाखवतो.

आणि तुमच्या लक्षात आलं का, बाराव्या अध्यायात देव त्यांच्याकडून काय मागतो. मोठा विश्वास वाटला पाहिजे असं नाही मागत. कोकरू आणा, दाराच्या चौकटीला रक्त लावा, भाकरी खमीर न घालता भाजा, पायात जोडे घालून जेवा. आणि लोकांनी माना लववून नमन केलं आणि जाऊन तसं केलं, एवढंच लिहिलंय. मनात काय होतं कोण जाणे. हात चालले.

---

शेवंती_1968 · संध्याकाळी 6:30

मला हा धागा वाचून त्रास होतोय आणि तरी लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

माझे मिस्टर दोन वर्षांपूर्वी गेले, कॅन्सर. शेवटच्या चार महिन्यांत घरी प्रार्थनेला लोक यायचे आणि त्यातले एकजण मला स्वयंपाकघरात गाठून म्हणाले, वहिनी, घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडतोय. मी तेव्हा त्यांच्यासाठी चहा गाळत होते. ते वाक्य अजून माझ्या अंगावर आहे.

तुम्ही सगळे सुटकेचं बोलताय. सगळ्यांची होत नाही सुटका. बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगात होता ना. ज्याने येशूला सगळ्यांच्या आधी ओळखलं त्याच माणसाने आतून निरोप धाडला की येणारा तो तूच का, की आम्ही दुसऱ्याची वाट बघू. आणि येशू उत्तरात काय सांगतो, आंधळे बघतात, पांगळे चालतात, बहिरे ऐकतात, मेलेले उठतात. फक्त बंदिवान सुटतात हे त्यात नाही. नासरेथच्या सभास्थानात यशयाचं वाचताना मात्र तेच वाचलं होतं त्याने, बंदिवानांना सुटका. योहानाला हे कळलं नसेल का? पुढे हेरोदाने त्याचं डोकं उडवलं.

मला उत्तर नकोय कुणाचं. फक्त निशिगंधला सांगायचंय. निरोप्ये परत गेल्यावर येशू लोकांकडे वळला आणि योहानाबद्दल बोलला, स्त्रियांच्या पोटी जन्मलेल्यांत त्याच्यापेक्षा मोठा कोणी नाही. ज्याने नुकतीच शंका विचारली त्याच्याबद्दल. कमी विश्वासाचा नाही म्हटलं. माझ्या स्वयंपाकघरात जो आला होता तो येशू नव्हता, हे मला कळायला दोन वर्षं लागली.

---

रानवाट · संध्याकाळी 6:44

शेवंतीताई, तुमच्यासोबत आहे. एवढंच.

---

भीमेकाठ · रात्री 8:15

मी दौंडकडचा, केडगाव हाकेच्या अंतरावर. आमच्या घरातली पणजी दुष्काळात मुक्ती मिशनमध्ये आणलेल्या मुलींपैकी, म्हणून हे आमच्यासाठी पुस्तकातलं नाही.

पंडिता रमाबाईंचं नाव घेतलं की लोक मुक्ती, शारदा सदन, संस्कृत एवढं सांगतात. त्यांच्या घरातली माणसं मोजा एकदा. दुष्काळात आईवडील आणि मोठी बहीण गेली. भावासोबत पायी देशभर हिंडल्या, 1880 साली भाऊ गेला. लग्न केलं, 1882 साली नवरा कॉलऱ्याने गेला, मांडीवर मनोरमा. ख्रिस्ती झाल्या तर इथले बरेच लोक तुटले. आणि एवढं झालेल्या बाईने जागेला नाव काय दिलं? मुक्ती. 1896-97 चा दुष्काळ पडल्यावर मध्य प्रांतात स्वतः जाऊन मुली आणल्या, तिथल्या छावण्यांतली हाडं निघालेली पोरं बघून आपलं लहानपण आठवलं म्हणून. 1900 च्या दुष्काळानंतर केडगावात दोन हजारांच्या आसपास बायका-मुली होत्या.

पणजीचं आमच्याकडे सांगतात ते असं की ती आली तेव्हा भाकरी दिली की अर्धी खायची आणि अर्धी कमरेला बांधून ठेवायची. किती दिवस? दीड वर्ष. रोज जेवण मिळत होतं तरी. रोज सांगायच्या तिला, बाळ, उद्या पण आहे. ती हो म्हणायची आणि बांधायची. कुणी तिच्या कमरेची भाकरी हिसकावली नाही. एक दिवस आपोआप राहिलं बांधायचं, तिला स्वतःलाही कळलं नाही कधी ते.

आणि रमाबाईंचं शेवटचं. हिब्रू, ग्रीक शिकून साध्या बायांना कळेल असं बायबल मराठीत आणायचं काम कितीतरी वर्षं चाललं होतं, खिळे जुळवायला छापखान्यात मुक्तीतल्याच बायका. 1921 साली मनोरमा गेली, जिच्या हाती सगळं द्यायचं होतं ती. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. पुस्तक बाहेर आलं 1924 ला. त्यांनी ते बघितलं नाही.

---

फक्त_आजचा_दिवस · रात्री 10:37

निशिगंधताई, मी तुमच्या भावाच्या बाजूचा माणूस. नऊ वर्षं चार महिने झाले, घेतलेली नाही. ए.ए.मध्ये, दारू सोडणाऱ्यांच्या गटात, जातो, आम्ही आजच्या दिवसापुरतंच बोलतो, त्यामुळे उद्याचं मला विचारू नका.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचंय कारण ते माझ्या बहिणीने मला दिलंय. मी तीनदा ॲडमिट झालो. दुसऱ्या वेळी स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यायलो, तेव्हा ताई माझ्या खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली, मी तुझ्यासाठी प्रार्थना करायची सोडलीये, मला आता जमत नाही, पण डबा येत राहील. तिचा विश्वास तेव्हा शून्य होता, ती स्वतः सांगते. डबा मात्र आला. मेथीची भाजी, दोन चपात्या, फडक्यात बांधलेला, मुलाच्या हातून पाठवायची, स्वतः यायची नाही. पैसे दिले नाहीत, दुकानदाराची उधारी भरली नाही, ऑफिसात खोटं सांगितलं नाही, डबा दिला. त्यानंतर दीड वर्षाने मी थांबलो. म्हणजे ताईचा विश्वास संपला त्यानंतर. मग ताईच्या विश्वासाने मी थांबलो असं कसं म्हणू? आणि तिच्या अविश्वासाने मी पीत होतो असंही नाही. पीत होतो मी. सोडवलं देवाने. ताईने डबा दिला.

दोन व्यवहाराच्या गोष्टी, जीवावरच्या आहेत म्हणून लिहितो. एक, रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने रागाने किंवा शपथेवर एकदम सोडली तर झटके येऊ शकतात, जीव जाऊ शकतो. घरात कोंडून सोडवू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखाली करा. दुसरं, घरच्यांसाठी अल-अनॉनच्या मीटिंगा असतात, तुम्ही आणि आई जा. भाऊ आला नाही तरी जा. तुम्हाला धाप लागलीये ताई, त्या अश्दोदच्या बहिणीने लिहिलंय तशी. आधी श्वास घ्या.

---

कारकून_59 · रात्री 11:05

माझी दुपारची पोस्ट आता वाचवत नाही. प्रेषितांची कृत्ये बारावा अध्याय काढून बसलोय. मंडळी रात्री पेत्रासाठी प्रार्थना करते, पेत्र तुरुंगातून सुटून दारावर येऊन ठोकतो, रुदा नावाची मुलगी आत पळत येऊन सांगते तर प्रार्थना करणारेच तिला म्हणतात तू वेडी आहेस. विश्वास नव्हताच त्यांचा. आणि का नव्हता तेही वर लिहिलंय, थोडे दिवस आधी प्रेषित याकोबाला तलवारीने मारलं होतं, त्याच्यासाठीही केलीच असेल की प्रार्थना. हा अध्याय मी कितीतरी वेळा शिकवलाय, याकोब आणि रुदा एका ओळीत कधी ठेवले नव्हते. शेवंतीताई, निशिगंधताई, माफी मागतो.

---

निशिगंध_नगर · दुसऱ्या दिवशी, रात्री 11:20

सगळं दोनदा वाचलं. एकदा बसमध्ये आणि एकदा आईला मोठ्याने. शेवंतीताईंच्या पोस्टला आईने मला थांबवलं, चष्मा काढून बसली, मग म्हणाली पुढे वाच.

आईला मी कधी विचारलंच नव्हतं की तू त्या चिठ्ठीला हात लावतेस तेव्हा तुझ्या मनात काय असतं. आज विचारलं. मला वाटलेलं ती म्हणेल विश्वास. ती म्हणाली, काही नसतं गं, सवय झालीये, नाही लावला तर दिवसभर चुकल्यासारखं होतं. आणि पणजींच्या भाकरीचं ऐकून ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

अल-अनॉनची मीटिंग आमच्या घरापासून दोन स्टॉपवर आहे, गुरुवारी. मी जाणारेय. आई अजून नक्की म्हणत नाही.

भाऊ साडेनऊला आला. पाय ओढत. पाचव्या पायरीला कळलं. मी आज दुसऱ्या खोलीत गेले नाही, ताट वाढलं, आमटी, भात, काल उरलेली वांग्याची भाजी. काही बोलले नाही, काही समजावलं नाही. तो खाली बघून जेवला. उठताना म्हणाला, तू जेवलीस का. मी म्हटलं नाही अजून. तर भिंतीला धरून परत खाली बसला, माझं होईपर्यंत.